आजारपणात ‘चांगलं चिंतावं’ म्हणजे नेमकं काय करावं?

सांजवात

आजारी माणसाला भेटायला जाताना हातात शहाळं असतं आणि ओठांवर एक वाक्य तयार असतं, “विचार सकारात्मक ठेवा, सगळं छान होईल.” घरात कुणी काळजीपोटी वेडंवाकडं बोललं की मोठी माणसं दटावतात, “शुभ बोल रे, वास्तू तथास्तु म्हणते.” त्यामागे माया असते. पण खाटेवर पडलेल्या माणसाने त्या वाक्याचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

म्हणून हा धागा. मनात चाललेल्या गोष्टींचा शरीरावर परिणाम होतो, तो नेमका कुठे होतो आणि कुठे होत नाही? समजा सत्तरीच्या बाईंचा गुडघा बदलला आहे. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं म्हणजे त्या ‘सकारात्मक’ राहिल्या? आणि या सल्ल्याने कधी नुकसान होतं का?

ज्यांना विषयाची नीट माहिती आहे त्यांनी हात आखडता घेऊ नये. ‘मनात आणलं तर सगळं होतं’ इतक्यावर मात्र उरकू नका.

ताम्हन

पहिल्या प्रश्नासाठी दम्यावरचा एक अभ्यास पुरेसा बोलका आहे. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्याच रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी दिल्या: खरा साल्ब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि काहीच नाही. प्रत्येक वेळी दोन गोष्टी टिपल्या. तुम्हाला कसं वाटतंय, आणि फुंकण्याच्या यंत्रावर श्वास किती सुटतोय.

खऱ्या पंपाने श्वासाचा आकडा सुमारे २० टक्के वाढला. बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के, म्हणजे खोटा पंप आणि नुसतं बसून राहणं सारखंच. पण ‘कसं वाटतंय’ विचारलं तेव्हा खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५ टक्के आणि खोट्या सुयांनी ४६ टक्के बरं वाटल्याचं सांगितलं. काहीच न केल्यावर २१ टक्के.

म्हणजे बरं वाटणं खरं होतं, पण श्वासनळी उघडली नव्हती. दमेकऱ्याला बरं वाटलं म्हणून त्याने पंप बाजूला ठेवला तर रात्री दोन वाजता धाप लागणारच. दुखणं, मळमळ, थकवा, झोप, पोटात गोळा येणं या *जाणवणाऱ्या* गोष्टींवर मनाची सत्ता मोठी आहे. नळीचा व्यास, गाठीचा आकार, जंतूंची संख्या यांवर ती फारच थोडी.

कृष्णाकाठ

मग दुखणं कमी झालं हेही मनाचे खेळच ना? खरं कमी होतच नसेल.

ताम्हन

@कृष्णाकाठ, नाही, दुखणं खरंच कमी होतं. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर हे तपासलं गेलं. ज्यांचं दुखणं औषध नसलेल्या इंजेक्शनने कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकतं. ते देताच दुखणं परत वाढलं. म्हणजे भरवशामुळे शरीराने स्वतःचं मॉर्फिनसारखं द्रव्य सोडलं होतं, आणि नॅलोक्सोनने त्याची वाट अडवली.

याची दुसरी बाजू २०११ मध्ये दिसली. पायाला चटका देऊन शिरेतून रेमिफेंटानिल हे जबर वेदनाशामक सोडलं. औषध तेच, मात्रा तीच. ‘आता औषध सुरू आहे’ असं सांगितल्यावर, न सांगता सोडलं होतं त्याच्या दुपटीने वेदना कमी झाली. ‘आता औषध बंद केलं, दुखेल’ असं खोटंच सांगितल्यावर औषध शिरेत असूनही जवळजवळ निष्प्रभ ठरलं.

घरी याचा उपयोग असा करता येतो. वेदनाशामक गोळी गर्दीतल्या सहा गोळ्यांबरोबर गिळून टाकू नका. ती हातात घ्या, कशाची आहे ते म्हणा, किती वेळात लागू पडेल ते माहीत असू द्या. पॅरासिटामॉल असेल तर अर्धा ते एक तास. देणाऱ्यानेही “ही दुखण्यावरची आहे, अर्ध्या-पाऊण तासात हलकं वाटायला लागेल” एवढं म्हणावं. हे खोटं नाही, आणि वर एक पैसा पडत नाही.

नाचणी

इथे मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. परिणाम फक्त ‘जाणवण्या’पुरता नाही. २०१९ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, एकूण २,२९,३९१ माणसं. आशावादी लोकांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आढळलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे ७० हजार स्त्रिया आणि चौदाशेवर पुरुषांच्या दीर्घ पाहणीत सर्वांत आशावादी गट ११ ते १५ टक्के जास्त जगल्याचं दिसलं. हे काही ‘बरं वाटणं’ नव्हे.

औदुंबर

@नाचणी, आकडे बरोबर आहेत, पण बैल पुढे की गाडी पुढे ते बघायला हवं. ब्रिटनमध्ये सात लाखांहून जास्त मध्यमवयीन स्त्रियांवरचा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. आधी तिथेही दुःखी स्त्रिया लवकर मरतात असंच दिसलं. मग सुरुवातीलाच कोण आजारी होतं, कोण धूम्रपान करत होतं, कुणाची परिस्थिती कशी होती हे हिशेबात धरलं आणि फरक नाहीसा झाला. माणूस आजारी असल्यामुळे उदास होता.

आशावादी माणूस चालायला जातो, औषध चुकवत नाही, सिगारेट सोडू शकेन असं त्याला वाटतं. फायद्याचा मोठा वाटा या वाटेने येतो, असा माझा समज. म्हणून नुसता विचार बदलून पाय घरातच राहिले तर फार काही हाती लागणार नाही.

नाचणी

@औदुंबर, चालण्याचं मान्य. तरी एक गोष्ट राहते. १९९५ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घरी देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर ३.५ मिलिमीटरची बारीक जखम केली आणि ती रोज पाहिली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण कातडीपर्यंत पोचतो, हे यातून दिसतं.

आणि यातून शहाणपण घ्यायचं ते रुग्णासाठी कमी, रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसणाऱ्यासाठी जास्त. आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन बसावं आणि देखभाल करणारीला बाहेर पडता यावं, यासाठी माणसं जमवा. ‘तू सकारात्मक राहा’ म्हणण्यापेक्षा त्या दोन दुपारींनी तिला जास्त बळ येईल.

मोगरा

+१, शेवटच्या परिच्छेदाला.

ढालकाठी

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण नुकसान होतं आणि मोठं होतं. सर्वांत जास्त कर्करोगात.

डोकं आणि मानेचा कर्करोग असलेल्या १,०९३ रुग्णांची मनःस्थिती टिपून ते किती जगले हे पाहिलं गेलं. निष्कर्ष २००७ मध्ये आला: मनःस्थिती आणि जगण्याचा काळ यांत संबंध सापडला नाही. त्याआधी १९८९ साली स्तनाच्या कर्करोगात गटचर्चेने आयुष्य जवळपास दुप्पट होतं असा गाजलेला निष्कर्ष आला होता. त्याच संशोधकाने पुन्हा मोठा प्रयोग केला, तेव्हा २००७ मध्ये एकंदरीत तसं काही दिसलं नाही. गटामुळे धीर येतो, एकटेपण कमी होतं, आणि तेवढ्यासाठी गट हवाच. गाठ मात्र केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया यांच्या हिशेबाने चालते.

आता विचार करा, “मनाने खंबीर राहिलीस तर हरवशील त्याला” असं रोज ऐकणाऱ्या बाईचा आजार उलटला, तर ती काय समजेल? आपलंच मन कमी पडलं. आजाराच्या ओझ्यावर हे दुसरं ओझं आपण प्रेमाने ठेवतो. कृपा करून ठेवू नका. तिला रडावंसं वाटलं तर रडू द्या, रडल्याने पेशी वाढत नाहीत.

सांजवात

ढालकाठी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याचीच भीती होती, पण शब्द सापडत नव्हते.

गवतीचहा

आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. औषधांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं उदाहरण देते.

स्टॅटिन, म्हणजे याच गोळ्यांमुळे, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले ६० जण लंडनमध्ये घेतले (२०२०). प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या. चारांत २० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, आणि रोज फोनवर त्रासाला ० ते १०० गुण. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८.०, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर वाढलेल्या त्रासातला ९० टक्के हिस्सा खोट्या गोळीनेही होत होता. त्रास खोटा नव्हता, तो औषधातून मात्र आला नव्हता. स्वतःचा आलेख पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काही वाचून गोळी परस्पर बंद करू नये. वही घ्या. गोळी सुरू करण्याआधीच एक आठवडा रोज रात्री अंगदुखीला ० ते १० गुण द्या, कारण साठीनंतर अंग तसंही दुखतं आणि आधीचा आकडा नसेल तर सगळं पाप गोळीच्या माथी जातं. मग सुरू केल्यावर चार आठवडे लिहा. वही डॉक्टरांना दाखवा. ते मात्रा कमी करतील, गोळी बदलतील किंवा थोडे दिवस थांबवून बघतील. एक अपवाद लक्षात ठेवा: स्नायू खूप दुखून अशक्तपणा आला आणि लघवी कोकमासारखी गडद झाली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे सीपीके नावाची रक्ततपासणी करतात.

कृष्णाकाठ

@गवतीचहा, मग औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद वाचायचाच नाही का?

गवतीचहा

वाचायचा, पण आकडा उलटा करून. ‘१०० पैकी १० जणांना मळमळ’ याऐवजी ‘१०० पैकी ९० जणांना होत नाही’. दोन्ही खरं आहे. आणि दोनच प्रश्न डॉक्टरांना विचारा: कशाकडे दुर्लक्ष केलं तर चालेल, आणि काय झालं तर लगेच यायचं?

सुई टोचणाऱ्यांनीही शब्द जपावेत. बाळंतपणात पाठीत भूल देण्याआधी १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना “मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग” असं सांगितलं, निम्म्यांना “जागा बधिर करणारं औषध देतोय, म्हणजे तुम्हाला आराम राहील” असं. सुई तीच. दुखण्याचे गुण पहिल्या गटात ५, दुसऱ्यात ३. लहान मुलांना लस देताना “अजिबात दुखणार नाही” ही थाप मात्र मारू नका, पुढच्या वेळी ते मूल दारातूनच पळेल. “एक, दोन म्हणेन, दंड सैल सोड” एवढं बस.

पिंपळपान

थोडं अवांतर. जपाचा काही फायदा आहे का? आमच्या पिढीला ‘सकारात्मक’ हा शब्दच परका वाटतो, आम्ही ‘नाम घ्या, मन शांत होईल’ म्हणायचो.

औदुंबर

@पिंपळपान काका, अवांतर मुळीच नाही. २००१ साली इटलीत २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’चा मंत्र म्हणायला लावून श्वास मोजले. एरवी मिनिटाला चौदाच्या आसपास असलेला श्वास दोन्हींत सहाच्या जवळ आला, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त चपळ झाली. शब्द कुठल्या धर्माचे यापेक्षा एका श्वासात एक ओळ बसते, ही त्यातली खुबी.

करायचं असेल तर: पाठ टेकून बसा, चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत बाहेर किंवा त्या सहा अंकांत नाम. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. हमखास होणारी चूक म्हणजे छाती फुगवून मोठाले श्वास घेणं. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास सावकाश हवा, पण मोठा नको. चक्कर आली की सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. आणि याने बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही.

मोगरा

हास्यक्लबचं काय मग? तोही आपलाच. १९९५ मध्ये मुंबईच्या बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन सुरू केला, आता जगभर पसरलाय. विनोद सांगून हसायचं नाही, टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’ म्हणत मुद्दाम हसायचं, मग समोरच्याकडे पाहून ते खरं होतं. पहाटे ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, चार ओळखीचे चेहरे, आणि एक दिवस नाही आलात तर कुणीतरी फोन करतं, हा त्यातला मोठा फायदा. हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर जोरजोरात हसण्याचे प्रकार टाळावेत, नुसतं टाळ्या वाजवत सोबत उभं राहावं.

शेवगा

आता सांजवात यांचा दुसरा प्रश्न, जो अजून कुणी हातात घेतला नाही.

‘मी भराभरा जिने चढतेय’ असं चित्र डोळ्यांपुढे आणा, असं बरेच जण सांगतात. आपल्याकडे त्याला फार जुना शब्द आहे: मनात मांडे खाणे. आणि मनातल्या मांड्यांनी पोट भरत नाही, उलट भूक मरते. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा वर्षभर मागोवा घेतला. ‘मला जमेल’ असा भरवसा असलेल्यांचं वजन, भरवसा नसलेल्यांपेक्षा सुमारे १२ किलो जास्त उतरलं. पण बारीक झाल्याची गोड गोड दिवास्वप्नं पाहणाऱ्यांचं, तशी न पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलो कमी उतरलं. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वप्नात मन पोचूनच जातं, मग पाय कशाला उचलायचा?

त्यावरून त्यांनी चार पायऱ्या बसवल्या. इच्छा, फळ, अडथळा, योजना. क्रम महत्त्वाचा, अडथळा फळाच्या नंतरच यायला हवा. गुडघ्याच्या बाईंसाठी:

इच्छा: सहा आठवड्यांत आधाराशिवाय खुर्चीतून उठायचं.
फळ: तुळशीपाशी स्वतः जाऊन पाणी घालता येईल. (मिनिटभर हे नीट डोळ्यांपुढे आणायचं.)
अडथळा: हा आपल्या आतला शोधायचा. ‘व्यायामाला बसलं की दुखेल ही धास्ती, मग टीव्ही लावून वेळ टाळते.’
योजना: जर-तर. ‘जर सकाळचा चहाचा कप खाली ठेवला, तर रिमोटला हात लावण्याआधी दहा वेळा टाच मागे सरकवीन.’

योजनेत चूक इथे होते: ‘रोज व्यायाम करीन’ असं लिहिलं जातं. त्याला खुंटी नाही. आधीच रोज होणारी एखादी गोष्ट खुंटी म्हणून घ्या, चहा, आंघोळ, सातच्या बातम्या, आणि कृती त्याला टांगा. जर-तर योजनांवरचे ९४ प्रयोग २००६ मध्ये एकत्र तपासले गेले, परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

पायवाट

@शेवगा यांच्या योजनेत गुडघ्याचे आकडे भरते, म्हणजे कागद पुरा होईल.

जागेपणी दर तासाला घोटे वरखाली १० वेळा, रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळत गुडघा गादीकडे दाबायचा, ५ सेकंद धरायचा, १० वेळा, दिवसातून ३ वेळा. मग टाच गादीवरून मागे सरकवायची, तितक्याच वेळा. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. दोन आठवड्यांच्या सुमारास गुडघा ९० अंशांजवळ वाकावा, कारण खुर्चीतून उठायला साधारण तेवढा लागतो.

इथे विचारांचा खरा संबंध येतो. ‘दुखतंय म्हणजे आत टाके तुटतायत’ असं वाटलं की माणूस गुडघा धरून बसतो, मांडी सुकते, आतला व्रण आखडतो, आणि मग जास्त दुखतं. ‘नवा सांधा पक्का बसवलेला आहे, ताण मांसाला पडतोय, तो पडायलाच हवा’ ही माहिती डोक्यात असेल तर तेच दुखणं सोसवतं. मोजपट्टी ठेवा: व्यायामात १० पैकी ४-५ दुखलं तरी चालेल, तासा-दोन तासांत खाली यायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर वेळा निम्म्या करा, बंद करू नका. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर सर्जनला फोन. एकदम दम लागला तर फोनवर न थांबता थेट दवाखान्यात.

उंबरठा

@पायवाट, एका शब्दावर बोलते. ‘पडायलाच हवा’ मधला ‘च’.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती घडवली, तिचं सगळं सार मराठीत त्या ‘च’मध्ये मावतं. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, मधे आपला हट्ट असतो. तीन आठवडे झाले, गुडघा ८० अंशांवर अडला. मन म्हणतं, “आत्तापर्यंत नव्वद व्हायला*च* हवा होता, आता माझं काही खरं नाही.” कागदावर हे वाक्य जसंच्या तसं लिहा. मग ‘च’ खोडा. “नव्वद झाला असता तर बरं झालं असतं. झाला नाही, हे वाईट आहे. आज ८० आहे, उद्या सर्जनला दाखवून पुढचं ठरवीन.” यात कुठेही ‘सगळं छान आहे’ म्हटलेलं नाही. वाईटाला वाईट म्हटलं, पण जगबुडी म्हटलं नाही. निराशेच्या जागी खंत येते, आणि खंतावलेला माणूस फोन करू शकतो, निराश माणूस करत नाही.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हे काम मराठीतून लोकांपर्यंत बरंच नेलं आहे. जमेल त्यांनी तिथल्या कार्यशाळांची चौकशी करावी.

नाचणी

उंबरठा, हे फार आवडलं. मग आरशासमोर उभं राहून ‘मी छान आहे, मी बरी आहे’ म्हणायची जी पद्धत आहे, ती?

उंबरठा

@नाचणीताई, २००९ साली कॅनडात ते तपासलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना आधार हवा होता, त्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच उत्तर देतं, “कुठे बरी आहेस?” त्यापेक्षा घडलेली गोष्ट लिहा: “काल स्वयंपाकघरापर्यंत दोनदा गेले.” याच्याशी मनाला वाद घालता येत नाही. रात्री झोपण्याआधी दिवसातल्या अशा तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे ‘हे कशामुळे जमलं’. रोज ‘घर, मुलं, देव’ असं ठोकळेबाज लिहिलं तर आठवड्यात हात आपोआप चालतो आणि मन कुठेच नसतं.

ढालकाठी

एक गोष्ट सुटायला नको. उदासी, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ टिकलं, तर तो विचारांचा आळस नाही, नैराश्य असू शकतं. त्याला उपचार लागतात, आणि गोळ्या दिल्या तर पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नयेत. आधी थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या, शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे आणि ती कमतरता कितीही चांगले विचार करून भरून निघत नाही. जीव नकोसा वाटतोय असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

सांजवात

सगळ्यांचं वाचून फ्रिजवर लावण्याचा कागद केला आहे. चुकलं असेल तर सांगा.

‘दुखण्यावरची गोळी नाव घेऊन घ्यायची. चहाचा कप खाली ठेवला की दहा वेळा टाच मागे. दुखणं ५ पर्यंत चालेल. गुडघ्याखाली टॉवेल, ५ सेकंद दाब, १० वेळा. संध्याकाळी नाम, चार आत सहा बाहेर, पाच मिनिटं. रात्री जमलेल्या तीन गोष्टी वहीत. वाईट वाटलं तर लिहून काढायचं आणि “च” खोडायचा. भेटायला येणाऱ्यांनी “छान होईल” म्हणण्याऐवजी “आज किती अंश?” विचारावं किंवा कुकर लावून द्यावा.’

पायवाट

कागद छान झालाय, पण एक दुरुस्ती आजच करा. टॉवेल टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. झोपतानाही गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. तसं ठेवलं की लगेच आराम वाटतो, म्हणूनच सगळे ठेवतात, आणि महिन्याभरात गुडघा अर्धवट वाकलेला राहून सरळ व्हायचा थांबतो.

सांजवात

बदललं. लाल पेनाने ‘टाचेखाली’ लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.